उभ्या गाडीचा खर्च कुणाचा?

"मालकाला महिना पंचावन्न हजार द्यायचे, त्याचा दहाचाकी ट्रक आपण चालवायचा, असं मिळतंय, घेऊ का?" हल्ली कुणी ना कुणी ड्रायव्हर हे विचारत ऑफिसात येतोच. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत ट्रान्सपोर्टचे हिशेब लिहिणं हे माझं काम, त्यामुळं मालकाची वही आणि ड्रायव्हरची वही दोन्ही नजरेखालून जातात. प्रत्येकाला चहावर तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. लांब आहे, पण गाडी घ्यायच्या विचारात असाल तर शेवटपर्यंत वाचा.

माझं मत आधीच सांगतो. हातात कायमचा माल नसेल तर घेऊ नका. कंपनीच्या गाडीवर राहा.

आता हिशेब. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या रूटचे तुम्ही घाला. कोल्हापूर ते बेंगळुरू जाऊन-येऊन साधारण 1,220 किलोमीटर. जाताना कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीतला ओतीव माल, भाडं 36 हजार. येताना मिळेल तो माल, 26 हजार. झाले 62 हजार. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते असं धरलं तर 305 लिटर डिझेल, नव्वदच्या भावानं 27,450. टोल 8 हजार. दलाली, वाराई म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, वाटेतला 'किरकोळ' मिळून 4 हजार. तुमचं खाणंपिणं अडीच हजार. ट्रिपेला हातात राहतात 20 हजार.

महिन्यात पाच ट्रिपा मारल्या तर एक लाख. इथंच पोरं खूश होतात. त्यातनं मालकाचे 55 हजार गेले, राहिले 45. अजूनही चेहरा हसराच असतो, कारण टायर अजून कुणी धरलेलाच नसतो. एक टायर 22 हजाराचा, असे दहा. गाडी 80 हजार किलोमीटर पळाली की संच संपला असं धरा. म्हणजे किलोमीटरला पावणेतीन रुपये, महिन्याला 17 हजार. ऑईल, ग्रीसिंग, युरिया, पाटे, क्लच, किरकोळ काम मिळून 8 हजार. शिल्लक 20 हजार.

कंपनीच्या गाडीवर 22 हजार पगार अधिक ट्रिपेचा भत्ता मिळत असेल, तर तुम्ही एवढी उलाढाल करून पगाराच्याही खालीच राहिलात.

खरी गंमत पुढं आहे. त्याच हिशेबात चारच ट्रिपा झाल्या तर महिनाअखेर उरतात साडेतीन हजार. सहा झाल्या तर 37 हजार. एका ट्रिपेचा फरक सोळा-सतरा हजाराचा! कारण मालकाचे 55 हजार गाडी पळो न पळो द्यायचेच असतात. म्हणून मी विचारायला येणाऱ्याला भाडं किती, डिझेल किती हे विचारतच नाही. गाडी महिन्यात किती दिवस उभी राहते, तेवढंच विचारतो. पगारी ड्रायव्हरची गाडी उभी राहिली तर मालकाचं डोकं दुखतं. ठरलेल्या रकमेवर घेतली की तेच दुखणं तुमच्या डोक्यात येतं, आणि मालकाला नेमकं तेच हवं असतं.

गाडी उभी राहायला कारणं शंभर. कारखान्याच्या गेटवर नंबर लागत नाही. परतीचा माल मिळत नाही. माल मिळाल्याची पोच-पावती पोचली पण बिल पास होत नाही, म्हणून पुढच्या डिझेलला पैसे नाहीत. हे शेवटचं कुणी धरत नाही. लोडिंगला अ‍ॅडव्हान्स मिळतो, उरलेलं भाडं पोच जमा झाल्यावर, आणि मोठ्या पार्टीकडनं दीड-दोन महिन्यांनी. तोवर डिझेल रोख, टोल फास्टॅगातनं रोख, मालकाचा महिना रोख. हाताशी लाख-दीड लाख नसतील तर पहिल्याच महिन्यात कुणाकडं तरी हात पसरावा लागतो.

आणि आपल्याकडं पावसाळा असतो. 2019च्या ऑगस्टमध्ये आणि 2021च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, तेव्हा गाड्यांच्या किती लांब रांगा लागल्या होत्या ते आठवा. गावांनी ड्रायव्हर लोकांना जेवण पुरवलं, चांगली गोष्ट. पण हप्ता आणि करारातला महिना पाण्यानं थांबत नाही.

कुणी म्हणेल, काका तुम्ही मालकांच्या बाजूनं बोलताय. अजिबात नाही. कंपनीची नोकरी काही सोन्याची नाही. 1961च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास लिहिले होते, रस्त्यावर ते कुणी पाहिलेत सांगा. कित्येकांचा पीएफ नाही. मायलेज कमी पडलं की पगारातनं कापतात, माल दोन किलो कमी भरला तरी ड्रायव्हरच चोर. भत्ता वाढवा म्हटलं की 'गाडी लावून जा'. वर लग्नाच्या बोलाचालीत 'पोरगा ड्रायव्हर आहे' म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा पडतो. 'स्वतःची गाडी चालवतो' म्हटलं की तोच माणूस चहा मागवतो. पंचावन्न हजारातले निम्मे पैसे लोक या चहासाठीच देतात असं माझं स्पष्ट मत आहे, राग आला तर येऊ दे.

बरं, गाडीचा मालक तरी किती कमावतो? आयकरात एक कलम आहे, 1961च्या कायद्यात त्याचा नंबर 44एई होता. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकानं वह्या न ठेवता अंदाजे उत्पन्न दाखवायचं, तर जड गाडीला महिन्याला टनामागं एक हजार धरतात. 28 टनांच्या दहाचाकीला महिना 28 हजार. म्हणजे एवढ्या किमतीच्या गाडीमागं मालकाला महिन्याला एवढं सुटत असेल, हा सरकारचाच ठोकताळा. तुम्ही तर मालकाला देऊन वर तेवढंच मिळवायला निघालाय. हप्त्यानं गाडी विकत घेतलेल्याला या कलमात मालक मानतात. नुसत्या महिना भाड्यानं घेतलेल्याला नाही, म्हणजे या कलमाची सोय तुम्हाला नाही.

नवीन गाडीवर 30 लाखाचं कर्ज, 11 टक्के व्याज, पाच वर्षं, हप्ता 65 हजारावर बसतो. त्यामुळं पंचावन्नात देऊ करतात ती गाडी जुनी आहे हे समजून चाला. चावी घेण्याआधी टायरजवळ खाली बसा. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. 2321 असतील तर तो टायर 2021 सालच्या 23व्या आठवड्यातला. नक्षी नखाएवढी उरली असेल, तर मालकाच्या वाटचे टायर तुमच्या पैशानं बदलणार आहात. दहाच्या दहा टायरचे फोटो काढून करारपत्राला जोडा. मालक चिडला तर गाडी तिथंच ठेवून या.

दुसरं, आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद. 'हप्ते तू भर, फिटले की नावावर करून देतो' हा तोंडी व्यवहार गांधीनगर-उचगाव पट्ट्यात सर्रास चालतो. उद्या मालकानं तुमच्याकडनं घेतलेले पैसे बँकेत भरलेच नाहीत तर वसुलीवाले गाडी तुमच्या हातनं नेतात, तुमच्याकडं कागद शून्य. मालकालाही सांगतो, तुम्हीही सुटत नाही. गाडी हातोहात विकली जाऊन आरसीवर जुनंच नाव राहिलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली.

आता, घ्यावी कुणी? ज्याची फाउंड्रीशी किंवा एमआयडीसीतल्या कुठल्या युनिटशी थेट ओळख आहे, जाता-येता दोन्हीकडचा माल ठरलेला आहे, मधे दलाल नाही, त्यानं जरूर घ्यावी. असे लोक आहेत आणि ते कमावतात. पण करारात तीन गोष्टी लिहून घ्या: सात दिवसांपेक्षा जास्त गाडी वर्कशॉपात राहिली तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापायचे, इंजिन आणि गिअरबॉक्सचं मोठं काम मालकाचं, आणि रस्ता सरकारनंच बंद केला तर मालकाला त्या महिन्याचे निम्मेच पैसे. तिसरी अट ऐकून मालक हसतात. तरी लिहा.

उसाच्या हंगामावर भरवसा ठेवून घेणाऱ्यांना तर हात जोडतो. कारखान्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तुमच्या नावावर, ऊसतोड मजुरांची टोळी मुकादमाच्या ताब्यात. मुकादम उचल घेऊन आलाच नाही तर कारखाना तुमच्या मागं, गाडीमालक तुमच्या मागं, आणि गाडी फडाच्या कडेला उभी. हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतंच.

वाराईवर वेगळं लिहायचंय. 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणून लॉरीवाल्यांनी एवढी ओरड केली, तरी ती रक्कम अजून ट्रिपेच्या हिशेबात ड्रायव्हरच्याच बाजूला येते. आज एवढंच.

करारपत्र कुणाला वाचून हवं असेल तर संध्याकाळी सहानंतर ऑफिसला या, पैसे लागणार नाहीत. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, महत्त्वाची ओळ नेमकी अंगठ्याखाली गेलेली असते.