महाराजांची अस्सल सही पाहिजे? आधी कात्री आणा

शाहू महाराजांची सही घरात नसेल तर कोल्हापुरात राहून उपयोग काय? पुतळ्याला हार घालणारे पुष्कळ आहेत. आपल्या हॉलमध्ये, टीव्हीच्या बरोबर वर, सोनेरी फ्रेममध्ये सही झळकली पाहिजे. ती कशी मिळवायची ते सांगतो. परवाच आमच्या घरात एक लागली आहे, त्यामुळे अनुभवाचे बोल आहेत.

पहिलं म्हणजे शाई बघत बसू नका. मला एकानं दाखवलेली सही चक्क बॉलपेनची होती. महाराज ६ मे १९२२ रोजी गेले. बॉलपेन दुकानात यायला त्यानंतर वीसेक वर्षं लागली. पण महाराज काळाच्या पुढं होते, हे दर जयंतीला भाषणात ऐकतोच की आपण!

सहीत ‘राजर्षी’ असेल तर डोळे झाकून घ्या. कागदावर साल १९०२ आणि पदवी मिळाली १९१९ साली, कानपूरला, असली किरकोळ भांडणं काढू नका. विकणाऱ्याचं मन दुखतं. १८८० सालची ‘शाहू’ अशी सही मिळाली तर फारच उत्तम. दत्तक जाऊन शाहू व्हायला अजून चार वर्षं होती, तेव्हा ते कागलकर घाटग्यांचे यशवंतराव होते, वय पाच-सहा. म्हणजे दुर्मीळच की.

कागद चहात बुडवलेला असावा. बिनसाखरेच्या; नाहीतर मुंग्या लागतात.

एवढं करूनही तुम्हाला अस्सलच पाहिजे असेल, तर घरातली जुनी ट्रंक उघडा. आमच्या धाकट्या भावानं उघडली. आत पणजोबांच्या नावचं पत्र होतं. वर बारा-पंधरा ओळी मोडीत, खाली महाराजांची सही. मोडी आमच्यात कुणालाच येत नाही. आजोबा एवढंच म्हणायचे, “आपल्या घरात शिक्षण आलं ते ह्या कागदानं.” दिवाळीच्या साफसफाईत भावानं कात्री घेतली, सहीची दोन बोटं रुंद पट्टी कापली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून लॅमिनेट करून आणली. गरम प्लास्टिकमध्ये! शंभर वर्षांचा कागद आता त्यातनं कुणाचा बाप सोडवणार? आणि वरचं पान?

“ते मोडीतलं होतं रे दादा, कोण वाचणार? रद्दीत घातलं.”

अरे, गावात पुरालेखागार आहे! मोडी वाचणारी माणसं आहेत, मोडीचे वर्ग भरतात. नुसता मोबाईलवर फोटो काढला असतास तरी चाललं असतं. जेवायला गेलं की तांबड्याचा वेगळा, पांढऱ्याचा वेगळा फोटो काढता, मटण गार होईपर्यंत काढता, आणि महाराजांच्या पत्राचा एक निघत नाही? पाहुणे येतात, त्या पट्टीसमोर सेल्फी घेतात, ‘नाद खुळा’ म्हणतात. वर काय लिहिलं होतं, एकानं विचारलं नाही. महाराजांनी काय दिलं, कशासाठी दिलं, आमच्या पणजोबांनाच का दिलं, ते सगळं त्या वरच्या ओळींत होतं, गाढवांनो! तेवढंच नेमकं फेकलंत आणि आता ‘आमच्याकडं महाराजांची सही आहे’ म्हणून गल्लीभर मिरवताय.

भाऊ आता ट्रंकेची किल्ली मागतोय, “अजून एखादी निघते का बघू” म्हणतोय. देत नाही जा.