गोधडीच्या पोटात जुनं लुगडंच हवं

गोधडी कशी शिवावी यावरच्या तुमच्या लेखात आत पॉलिएस्टरचा थर घालून ती मशीनवर शिवायला सांगितलंय. मशीनचं एक वेळ ठीक, पण पॉलिएस्टर कृपा करून घालू नका. जुनं सुती लुगडं धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, घाम टिपतं. नऊवारीच्या चार घड्या घातल्या की साधारण दोन मीटर लांबीचा थर आपोआप तयार! वर नवं कापड लावणार असाल तर ते आधी धुऊन घ्या. नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि सगळीकडे चुण्या पडतात.

आमच्या कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आजी थर जमिनीवर अंथरून आधी कच्चे टाके घालायची, मग कडेपासून धावदोरा घालत गोल गोल फिरत मध्यावर यायची. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायकांची कवंडी, म्हणजे त्यांची गोधडीही अशीच कडेकडून आत शिवली जाते. तिच्या चारही कोपऱ्यांना कापड दुमडून केलेली ‘फुलं’ लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. लेखासोबतच्या फोटोतल्या गोधडीचे कोपरे बोडके दिसले, म्हणून हे आवर्जून लिहिलं.