तिरंगा फडकला, पण सत्ता जपानी नौदलाचीच होती

दर ३० डिसेंबरला एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो: जपान्यांनी अंदमान मुक्त केलं, सेल्युलर जेलमधले क्रांतिकारक सोडवले, बेटं आझाद हिंद सरकारच्या हवाली केली आणि १९४५ पर्यंत तिथली माणसं स्वतंत्र भारतात राहिली. १९४३ साली नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, एवढं त्यात खरं आहे.

क्रांतिकारकांचं आधी सांगतो. जपानी सैन्य २३ मार्च १९४२ ला उतरलं. राजबंद्यांना इंग्रजांनी १९३८ पर्यंतच भारतात परत आणलं होतं, तेही त्यांनी जिवावर उदार होऊन केलेल्या उपोषणानंतर.

आता ‘मुक्ती’. उतरल्यावर थोड्याच दिवसांत जपानी सैनिक कोंबड्या पकडत घराघरांत शिरू लागले. झुल्फिकार अली या तरुणाने त्यांच्यावर छऱ्याची बंदूक चालवली. लोकांदेखत हाल करून त्याला गोळ्या घातल्या. डॉ. दिवाण सिंग हे पंजाबी कवी तर तिथल्या इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे अध्यक्ष, म्हणजे इंग्रजांविरुद्धच उभे राहिलेले. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनाच हेर ठरवून सेल्युलर जेलात टाकलं. ऐंशीहून जास्त दिवस छळ झाला, तरी त्यांनी खोटा कबुलीजबाब दिला नाही. १४ जानेवारी १९४४ ला ते गेले. या तारखा एकदा जुळवून पाहा. तिरंगा फडकला त्या दिवशी डॉक्टर त्याच गावात, त्याच तुरुंगात मार खात होते. नेताजींभोवती जपानी अधिकाऱ्यांचं कडं होतं. म्हणून हे लिहिण्यात त्यांचा अपमान नाही. अपमान होतो तो दिवाण सिंगांना विसरण्यात.

झेंडावंदनाला बरोबर महिना झाला आणि ३० जानेवारीला पोर्ट ब्लेअरजवळच्या होम्फ्रेगंज गावात ४४ जणांना हेरगिरीच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या. तिथे आज स्मारक आहे.

‘हवाली केली’ म्हणाल, तर आझाद हिंदचे कमिशनर म्हणून कर्नल लोगनाथन आले खरे, पण त्यांच्या हाती प्रत्यक्षात शिक्षण खातंच आलं. पोलीस जपान्यांचे, तुरुंगही त्यांचाच.

ऑगस्ट १९४५ मध्ये बेटांवर अन्न उरलं नव्हतं. शेती करायला नेतो म्हणून शेकडो लोकांना बोटींत बसवलं आणि हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकललं. कित्येक बुडाले. किनाऱ्याला लागलेलेही उपासमारीने मेले, वाचले ते अगदी मोजके. त्या हॅवलॉकला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात.