दोन युरोची गाईड

मला परवा दोन युरो टीप मिळाली. इटलीतल्या सिएना गावच्या कॅथेड्रलमध्ये, भरदुपारी, पंधरा-वीस माणसांच्या देखत. मी गाईड नाही. त्या देवळाशी, त्या गावाशी, त्या देशाशी माझा काडीचा संबंध नाही. मी ठाण्याहून स्वतःच्या खर्चानं आलेली, गुडघेदुखीच्या उंबरठ्यावरची एक बाई आहे. पण नाणं हातात पडलं आणि मुठीनं ते मिटून घेतलं, हे खरं.

मुक्काम फ्लॉरेन्सला होता. "अजून एक चर्च दाखवलंत तर मी आजीकडे परत जातो," असं चिरंजीवांनी जाहीर केलं. "त्याला एकट्याला कसं ठेवायचं?" म्हणून नवरा लगेच त्याच्या सोबतीला थांबला. त्याचा चेहरा सुटी मंजूर झालेल्या कारकुनासारखा झाला होता. सव्वा तासाची बस पकडून मी एकटीच सिएनाला आले. गाईड घेण्याऐवजी फोनवर ऑडिओ टूर विकत घेतली होती. आठ युरो नव्व्याण्णव सेंट, 42 थांबे, 'तुमच्या गतीनं, तुमच्या सोयीनं'. इयरफोन तेवढे हॉटेलच्या उशाशी चार्जिंगला राहिले.

मग काय, आवाज बारीक करायचा आणि फोन कानाला लावून फिरायचं. सांगितलं तर लहान वाटतं, पण अर्धा तास हात वर धरून बघा. शिवाय लांबून बघणाऱ्याला वाटतं, बाई माहेरी फोन लावून बसलीय.

त्या टूरमधला गृहस्थ इंग्रज होता आणि फार लाडात बोलायचा. "आता थांबा. एक दीर्घ श्वास घ्या. आणि हळूच पायांखाली बघा." मी थांबले, श्वास घेतला, हळूच पायांखाली बघितलं. तपकिरी हार्डबोर्ड होता. सिएनाच्या कॅथेड्रलची जमीन म्हणजे संगमरवरात कोरून-जडवून केलेली 56 चित्रं. जगभरातून लोक ती बघायला येतात आणि त्यांच्याच पायांनी ती झिजू नये म्हणून वर्षातले बरेच महिने तिचा बहुतेक भाग झाकलेला असतो. तिथल्या उन्हाळ्यात आणि शरदात काही आठवडे उघडतात. ह्यात त्यांचं काही चुकत नाही, उलट शहाणपणाच आहे. पण आपली सुटी मे महिन्यातच असते. अख्खा महाराष्ट्र मे महिन्यात युरोपात असतो. टूर विकणाऱ्यांना ह्याची वार्ताच नसावी, कारण तो इंग्रज त्या हार्डबोर्डचं कौतुक किती वेळ करत होता! "हे बारकावे बघा, ही छायाप्रकाशाची जादू..." दोरीमागे दोन-चार तुकडे उघडे होते, त्यांच्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

आणि अशा वेळी पाठीमागून आवाज आला, "ताई, इथं रेंज येते काय ओ?"

वळून बघते तर एका खांबाजवळच्या बाकावर पासष्टीच्या एक काकू. हिरवी सुती साडी, पायांत पांढरे स्पोर्ट शूज, मांडीवर तीन पर्स. त्यांतल्या दोन त्यांच्या नव्हत्या.

"कवाधरनं बघतेय, तुम्ही फोनवरच. घरी सगळं बरं हाय न्हवं?"

मी म्हटलं, "फोन नाही काकू, माहिती ऐकतेय."

"कुणाकडनं?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा फोन त्यांच्या कानाला लावला. इथंच मी चुकले.

काकू इचलकरंजीच्या. घरचे यंत्रमाग. ग्रुप टूरमधली मंडळी सगळी बाहेर उंच भिंतीवर चढायला गेली होती. काकूंचे गुडघे जिन्याला नको म्हणाले, म्हणून टूर मॅनेजरनं त्यांना 'हलू नका' असं बजावून, राखणीला पर्स देऊन बसवलं होतं. पाऊण तास झाला होता. पाऊण तास गप्प बसणं हे काकूंच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं हे पहिल्या मिनिटात कळलं.

"इंग्लिश कळतंय मला," काकू फोन कानाला लावून म्हणाल्या, "पण हा बाबा बोलतोय का आंजारतोय-गोंजारतोय? तुम्हीच सांगा."

मी सांगायला लागले. हे काळे-पांढरे आडवे पट्टे बघा, काळा-पांढरा हा सिएनाचा रंग, गावाच्या चिन्हातही तेच दोन रंग. दंतकथा अशी की रेमसची, म्हणजे रोम वसवणाऱ्या रोम्युलसच्या भावाची, दोन मुलं एका काळ्या आणि एका पांढऱ्या घोड्यावरून इथं आली. काकूंनी खांब खालपासून वरपर्यंत बघितला. "आडवे पट्टे हायत," त्या म्हणाल्या. "जाड माणसानं घालू नयेत. खांबाला चालतात."

पुढे मी शिल्पकार निकोला पिसानोच्या प्रवचनपीठाशी गेले. काकू पर्ससकट मागोमाग. ते पीठ 1265 ते 1268 ह्या काळात घडवलेलं, अष्टकोनी, संगमरवरी. त्याचे काही खांब सिंहांच्या पाठीवर उभे आहेत आणि ते सिंह खाली निवांत कुणाला तरी फाडून खातायत. वर देवाची वाणी आणि खाली हे! मी बटण दाबलं आणि इंग्रज म्हणाला, "आता ताटातलं मुंडकं शोधा."

मी शोधलं. सिंह दिसले, माणसं दिसली, घोडे दिसले. ताट कुठेच नाही.

"काय म्हणतोय?"

"ताटातलं मुंडकं शोधा म्हणतोय."

काकूंनी चष्मा पुसला. आम्ही दोघी त्या पीठाभोवती प्रदक्षिणा घालायला लागलो. एकदा, दोनदा. एक जपानी जोडपं आमच्या मागे आलं. बहुधा त्यांना वाटलं, इथली अशी पद्धत आहे. तिसऱ्या फेरीला काकूंनी वर बघितलं आणि माझा दंड गच्च धरला. "अगं बाई! ती काय वर!"

वर, कमानींच्या माथ्यावरून अख्ख्या कॅथेड्रलभर पोपांची मुंडकी ओळीनं लावलेली आहेत. दीडशेहून जास्त. सगळी पुढे झुकून खाली बघतायत, चाळीच्या गॅलरीतून भांडण बघावं तशी.

"मुंडकी तर चिक्कार हायत," काकू म्हणाल्या, "ताट कुठाय?"

ताट तिथं नव्हतंच. ताट आमच्या पायाखाली होतं, आणि हे मला कळायला आणखी दहा मिनिटं गेली. सिएना उतारावर वसलेलं गाव. कॅथेड्रल मागच्या बाजूला वाढवताना जमीन संपली, तेव्हा त्याच्या त्या टोकाखाली बाप्तिस्मागृह बांधलं आणि वर कॅथेड्रल पुढे सरकवलं. ह्या दोन्हींच्या मधे आणखी एक तळघर आहे. ते राडारोडा भरून शतकानुशतकं बंद होतं आणि 1999 साली अचानक सापडलं, आत तेराव्या शतकातली रंगीत भित्तिचित्रं. म्हणजे एकाखाली एक असे तीन मजले, आणि नकाशावर तिघांचा ठिपका एकच! माझी टूर फोनच्या ठावठिकाण्यावर चालणारी. तिच्या मते मी मघापासून खाली बाप्तिस्मागृहात उभी होते आणि तिथल्या कुंडावरचं डोनातेल्लोचं शिल्प बघत होते. हेरोड राजाची मेजवानी आणि ताटात सेंट जॉनचं शिर. ज्यांनी ही टूर बनवली त्यांना आठ युरो नव्व्याण्णव सेंट घेताना माणसं जिने चढतात-उतरतात हे माहीत नसावं.

आपल्याकडे अजिंठ्याला एखादा गाईड मिळतो. तो भले दोन सनावळ्या चुकवेल, मधेच भाचीच्या लग्नाचं सांगेल, पण तुम्ही पहिल्या लेण्यात उभे असताना सतराव्याचं सांगणार नाही. त्याला तुम्ही दिसता. "मॅडम, इकडून बघा, डोळे फिरतात," म्हणताना तो तुमच्या डोळ्यांकडे बघत असतो. ह्या इंग्रजाला मी दिसतच नव्हते. त्याला माझा ठिपका दिसत होता, तोही चुकीचा. आणि मी एकटीच नाही. त्या प्रचंड दालनात शेकडो माणसं कानात बोळे घालून फिरत होती, एकमेकांवर आपटत होती, कुणी कुणाला 'ते काय आहे हो?' असं विचारत नव्हतं. विचारणाऱ्या तेवढ्या काकू.

मग मी बटणं दाबणं सोडून दिलं आणि घरून वाचून आले होते ते सांगायला लागले. आम्ही पिकोलोमिनी ग्रंथालयात गेलो. ते डावीकडच्या भिंतीतल्या एका दारातून आहे, आत पाऊल टाकलं की रंगांनी डोळे दिपतात. चित्रकार पिंतुरिक्कियोनं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोप दुसरा पायस ह्याच्या आयुष्यातले दहा प्रसंग इथं रंगवले. पहिल्यात तो तरुणपणी पांढऱ्या घोड्यावर बसून निघालाय, मागे वादळ आणि इंद्रधनुष्य. काकूंना घोड्यात रस नव्हता. त्या एकेका अंगरख्याजवळ नाक नेत होत्या. "जर हाय ही. बुट्टी बघा, बुट्टी. आणि ही किनार, आमच्याकडं आत्ता लावली तर माग बंद पडंल."

मी म्हटलं, हे त्याच्या भाच्यानं बांधून घेतलं.

काकू अंगरख्यापासून लांब झाल्या. "भाच्यानं?"

हो. बहिणीचा मुलगा. पायस 1458 साली पोप झाला आणि दोन वर्षांत त्यानं भाच्याला कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, केलं, तेव्हा पोरगा विशीतला. पुढे 1503 मध्ये भाचाही पोप झाला. तिसरा पायस. आणि 26 दिवसांत वारला.

काकूंनी पर्स खाली ठेवल्या. संपूर्ण इटलीत त्यांना पहिल्यांदा ओळखीचं काही भेटलं होतं. "म्हणजे मामानं चिकटवला," त्या म्हणाल्या. "आणि मामाचं नाव त्यानं भिंतीवर लावलं. आमच्यात बी हेच. फक्त फ्लेक्स असतोय." मग खोलीच्या मधोमध असलेल्या तीन अप्सरांच्या पुरातन रोमन पुतळ्याकडे त्यांची नजर गेली. तिघींच्याही अंगावर सूत नाही. काकू बराच वेळ बघत राहिल्या. "देवळात?" त्यांनी हळूच विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं. "सूत महाग असंल त्या टायमाला."

मी हसले. जरा मोठ्यानं हसले. कोपऱ्यातल्या रखवालदारानं ओठांवर बोट ठेवलं. माझ्याकडे बघून. काकूंकडे नाही. काकू तोपर्यंत मुकाट, साध्वीसारख्या चेहऱ्यानं छताकडे बघायला लागल्या होत्या.

बाहेर आलो तर भिंतीवर चढलेला ग्रुप परतला होता. सोळा माणसं, घामाघूम. त्यात काकूंचे यजमानही होते. "काय बघितलंत वर?" काकूंनी विचारलं. "भिंत," ते म्हणाले. "आणि गाव." काकूंनी त्यांच्याकडे अत्यंत दयेनं बघितलं आणि माझ्याकडे हात केला. "ह्या ताईंना विचारा ती कसली भिंत हाय ती. सगळं पाठ हाय त्यांना."

सोळा चेहरे माझ्याकडे वळले. काय करणार? सांगितलं. 1339 साली सिएनाकरांनी ठरवलं की आहे हे कॅथेड्रल नुसतं आडव्या दालनापुरतं ठेवायचं आणि त्याला जोडून असं काही उभं करायचं की फ्लॉरेन्सवाल्यांनी तोंडात बोट घालावं. काम सुरू झालं. 1348 मध्ये प्लेग आला आणि गाव मरायला लागलं. काही वर्षांत नाद सोडून दिला. त्या नव्या कॅथेड्रलची दर्शनी भिंत म्हणजे तुम्ही चढलात ती. तिच्यामागे छपराविना राहिलेल्या जागेत आता चौक आहे.

क्षणभर सगळे गप्प होते. मग काकूंचे यजमान म्हणाले, "आमच्याकडं एका सूतगिरणीचं असंच झालंय. प्लेग न येता."

मग सगळेच बोलायला लागले. कुणी विचारलं पट्टे काळे का, कुणी विचारलं स्वच्छतागृह कुठे, एका गृहस्थानं "ह्या पोपला पगार किती?" असं विचारलं. मी उत्तरं देत होते. माझा आवाज चढला होता, हात हलत होते, मला स्वतःलाच ऐकू येत होतं की मी छान सांगतेय. आणि ह्याच वेळी काकूंच्या यजमानांनी खिशातून नाणं काढून माझ्या तळहातावर दाबलं. "घ्या ताई. लाजू नका. कष्टाचं हाय."

"अहो, मी गाईड नाही!"

"तसंच म्हणतात सगळे," ते प्रेमानं म्हणाले. "लायसनचं लचांड असतंय. आम्हाला कळतंय."

लायसनचं खरंच असतं. इटलीत परवाना असल्याशिवाय गाईडगिरी करता येत नाही. म्हणूनच की काय, मघाचे रखवालदार काका आता माझ्यासमोर येऊन उभे राहिले. अगदी सभ्यपणे त्यांनी आपल्या गळ्यातल्या ओळखपत्राला बोट लावलं, मग माझ्या मोकळ्या गळ्याकडे बोट दाखवलं, आणि विचारलं, "गुईदा?" मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, टुरिस्ट. त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं. मुठीत दोन युरो. नाण्यावर कवी दान्ते. तो फ्लॉरेन्सचा, सिएनात माझी अब्रू घालवायला फ्लॉरेन्सचाच माणूस यावा ना.

काकू जाताना माझा नंबर घेऊन गेल्या. बाप्तिस्मागृह मी पाहिलंच नाही. फोनची बॅटरी चार टक्क्यांवर आली होती आणि बसही गाठायची होती. ज्याच्यासाठी तीन प्रदक्षिणा घातल्या ते ताटातलं मुंडकं बघायचं राहिलं ते राहिलंच. बसमध्ये इंग्रजाचा शेवटचा निरोप आला: 42 पैकी 6 थांबे पूर्ण, आपल्या गाईडला किती तारे द्याल?

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पोट धरधरून हसला आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे सहा युरो नव्व्याण्णवलाच पडली की." ह्यावर मी त्याच्याशी अजून नीट बोललेले नाही.

आणि काल सकाळी काकूंचा मेसेज. गुलाबाच्या फुलावर 'सुप्रभात', त्याखाली: "ताई, उद्या आमचं पिसा हाय. टूरचा गाईड कामाचा नाही, ग्रुपमधी सगळी तुम्हालाच विचारतायत. माणशी काय घेता?"