दुसरं काही जमलं नाही म्हणून मास्तरीण?

आज नाशिकला गंगापूर रोडवर एका साखरपुड्याला गेले होते. भाचीने सहज सांगितलं, बारावीनंतर डी.एड. करायचंय. पंगतीतच एक काका म्हणाले, "एवढे मार्क असून? अगं, दुसरं काही जमलं नाही की मास्तरकी करतात." सगळे हसले. पोरगी ताटातल्या जिलबीकडे बघत राहिली. वडीलधारे म्हणून तिथे गप्प बसले. इथे नाही बसणार.

काका, मला पेठ तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर लागून 14 वर्षं झाली. खरं सांगते, मीही आवडीने आले नव्हते. दोन वर्षांत डी.एड. होतं, नोकरी लवकर लागते, म्हणून आमच्या दादांनी फॉर्म भरला. दुसऱ्या वर्षी पहिलीत एक मुलगा होता. घरात कोकणा ही आदिवासी बोली बोलणारा, वर्गात सहा महिने तोंड न उघडलेला. एकदा फाट्यावर एसटी आली तसा माझा पदर ओढून म्हणाला, "बाई, ना... शि... क." पाटी वाचली त्याने! गाडी निघून गेली तरी तेच म्हणत होता. माझी नोकरी खरी त्या दिवशी सुरू झाली.

आणि सोपं कुठे आहे हो? डी.एड. झालं की टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागायची वाट. लागलं तरी तीन वर्षं शिक्षण सेवक, महिना 16 हजारांच्या मानधनावर. 2023 पर्यंत प्राथमिकला 6 हजारच होते. काही जमत नाही म्हणून कोण एवढं सोसेल?

पगार आणि सुट्ट्या बघून आलेलेही आहेत, मान्य. कुठल्या खात्यात नाहीत?

याच काकांनी गेल्या जूनमध्ये नातवासाठी "पहिलीला चांगल्या बाई कुठे आहेत" विचारायला मला चार फोन केले होते. तेव्हा हसू नाही आलं.

जाऊ दे. आत्ता भाचीचा मेसेज आला, "मावशी, तो मुलगा आता काय करतो गं?"

आयटीआय करतो. दिवाळीत नाशिकच्या सीबीएस बस स्टँडवर भेटला. मी चष्मा विसरले होते, गर्दीत गाडी शोधत होते. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "बाई, पेठ तिकडे लागलीय. पाटी वाचली मी."