मोठा दिसला म्हणून विषारी?

‘घरात तळहाताएवढा कोळी दिसला तर विषारी समजून लगेच मारा’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आमचं गोव्यात वाळपईला जुनं नळ्यांचं, म्हणजे कौलारू घर, पावसात न्हाणीच्या भिंतीवर असला एक तरी चपटा तपकिरी कोळी असतोच, शिकारीसाठी जाळं विणत नाही, रात्री फिरून झुरळं खातो. हंट्समन म्हणतात त्याला. मागच्या चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या चौकटीचं सामान काढताना एक मादी दिसली, पोटाखाली पांढरी चकती धरलेली, वहिनी किंचाळली विषाची पिशवी म्हणून, अहो ती अंड्यांची होती! वर डबा उपडा घातला, मागून कॅलेंडरचा पुठ्ठा सरकवला आणि परसात नेऊन सोडली.

आणि विष काय, जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं, भक्ष्य मारायला, माणसाला खरा धोका त्यातल्या फार थोड्यांचा. कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, सोनेरी जाळ्यात बसलेली ती काळी-पिवळी भलीमोठी वूड स्पायडर बघून पाहुणे पळतात, ती बिचारी जाळं सोडून येत पण नाही. हां, दरडीतल्या बिळात बोट घालू नका, तिथे केसाळ टॅरँटुला असू शकतो आणि चावला तर चांगलंच दुखतं, पण लेखात नेमकं तेच नाही.