निपाणीच्या ग्राहकाच्या एक स्टारवाल्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा. रिव्ह्यू वाचला, फोटोही पाहिले. तुमचं म्हणणं असं की एएमडीचं आरएक्स ६७०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड काहीही चालू नसताना ३४ वॅट खातं, व्हिडिओतल्या माणसाचं ८ वॅटवर बसतं, म्हणजे मायनिंगचं (क्रिप्टो चलन कमवायला रात्रंदिवस चालवलेलं) वापरलेलं कार्ड आम्ही नवं म्हणून गळ्यात मारलं. त्यात गृहज्योतीचं (कर्नाटकच्या मोफत वीज योजनेचं) शून्य बिल गेलं, आणि बेळगावच्या खडे बाजारात दुकानावर आलात तर पोरानं "कार्ड ठीक आहे" सांगून परत पाठवून दिलं.

मायनिंगचा संशय येतो, नाही असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद झाल्यावर असली कार्डं बाजारात ढिगानं आली. पण बिलावरचा, खोक्यावरचा आणि कार्डावरचा सिरीयल नंबर जुळवून बघा, कंपनीच्या साइटवर वॉरंटीही दिसेल. शिवाय मायनिंगनं पंखे झिजतात, उष्णता बाहेर नेणारे थर्मल पॅड वाळतात. बसल्या जागी वॅट वाढणं हे त्याचं लक्षणच नव्हे.

आता मुद्द्याचं. दुकानात तेच कार्ड एका मॉनिटरवर लावलं तेव्हा ९ वॅटपर्यंत उतरलेलं तुम्ही स्वतः पाहिलंत. घरी गेल्यावर परत ३४. तुम्हाला हातचलाखी वाटली, पण तुमच्याच फोटोत टेबलावर दोन मॉनिटर आहेत, एक १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा, आणि एक जुना ७५ चा. खरी गोम तिथं आहे. कार्डाच्या मेमरीचा वेग बदलताना ती क्षणभर थांबवावी लागते. स्क्रीनवर एक चित्र संपून दुसरं सुरू होण्याआधी जी बारीक फट असते, तेवढ्यात हे उरकलं तर डोळ्याला कळत नाही. दोन मॉनिटर वेगवेगळ्या तालावर असले की दोघांच्या फटी एका वेळी येत नाहीत. मग स्क्रीन लुकलुकू नये म्हणून ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मेमरी पूर्ण वेगावरच ठेवतो. अॅड्रिनलिन हे एएमडीचं सॉफ्टवेअर उघडून मेमरी क्लॉक, म्हणजे मेमरीचा वेग, बघा. काही न करता २००० मेगाहर्ट्झच्या आसपास अडकलेला दिसला तर हेच कारण. पंखा थांबत नसेल तर तोही यामुळेच, कार्ड पुरतं थंडच होत नाही.

जुन्या मॉनिटरची केबल काढा आणि वॅटचा आकडा बघा. उतरला तर कार्डात खोट नाही. मग केबल परत लावून विंडोजच्या सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये मोठा मॉनिटर १२० वर आणि जुना ६० वर आणा. तेवढ्यानं नाही झालं तर फ्रीसिंक (मॉनिटरचा ताल कार्डाशी जुळवणारी सोय) चालू करा, ड्रायव्हर नवा घाला. गेम खेळताना परत १६५ करता येतं. जुना मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, पण तुमच्या ५६०० प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, स्क्रीन काळीच राहील. आणि हो, स्क्रीनवर हलणारं वॉलपेपर असेल तर ते बंद करून मोजा. ते चालू ठेवून "काहीच चालू नाही" म्हणणं बरोबर नाही.

बिलाचा हिशोब मात्र मला पटला नाही. २५ वॅट जादा, रोज १० तास, महिन्याचे साडेसात युनिट. अॅड्रिनलिन या कार्डाची सगळी वीज दाखवत नाही, पॉवर सप्लायमध्येही थोडी जाते, म्हणून १० धरा. २०० च्या वर गेलं की गृहज्योतीत सगळंच बिल भरावं लागतं, हे खरं. पण तुम्ही टाकलेल्या हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) बिलावर २१८ युनिट आहेत. हे जादा वॅट गेले नसते तरी तुम्ही वरच होता. बिल मे महिन्याचं आहे, कूलर कधीपासून लावलाय ते घरात विचारा.

यासाठी निपाणीहून बेळगावला हेलपाटा घालू नका. केबल काढून अॅड्रिनलिनचा फोटो बिलावरच्या नंबरवर पाठवा. एकच मॉनिटर, ६० हर्ट्झ, मागे काहीही चालू नाही, आणि तरीही मेमरी क्लॉक खाली येत नसेल, तर कार्ड आणि बिल घेऊन या. तुमच्यासमोर लावून बघू आणि त्याच दिवशी कंपनीकडे क्लेम टाकू. मॉनिटर आणायची गरज नाही, ७५ हर्ट्झचा आमच्याकडे आहे.